जुना सर्व्हर विकण्याआधी डिस्क मोजा

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज एमआयडीसीतल्या एका ऑटो पार्ट्स कारखान्यात मी आयटी बघतो. शिवाय जालन्याची एक रोलिंग मिल, शहरातलं एक हॉस्पिटल आणि दोन पतसंस्था यांची कामं बाहेरून करतो. काही वर्षांपूर्वी चाचणीसाठी आम्ही एक सेकंड हॅन्ड सर्व्हर घेतला. आठ डिस्क आत तशाच होत्या. विकणारा म्हणाला, "साहेब, रेडमधून काढलेल्या डिस्क आहेत या. कोणाला काही वाचता येत नाही. बिनधास्त घेऊन जा." रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकच मोठी डिस्क असल्यासारखं चालवणं.

घरी आणला, चालू केला. काळ्या पडद्यावर ओळ आली की फॉरेन कॉन्फिगरेशन, म्हणजे दुसऱ्या मशीनमधली मांडणी, सापडलंय, आत घ्यायचं असेल तर एफ दाबा. दाबला. लिनक्सच्या पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं तर समोर एका कंपनीचं सगळं घर उघडं. पगारपत्रकं, कामगारांच्या आधारच्या झेरॉक्स, टेंडरमध्ये भरलेले दर, आणि 'पासवर्ड नवीन' नावाची एक एक्सेल फाइल. रेडची मांडणी डिस्कवरच लिहिलेली असते. सगळ्या डिस्क तशाच्या तशा दुसऱ्या मशीनमध्ये गेल्या की तिथला कंट्रोलर, म्हणजे डिस्क सांभाळणारं कार्ड, ती वाचतो आणि गाडी पुढं चालू.

त्या कंपनीला फोन केला. पलीकडचे गृहस्थ आधी खवळले, मग गप्प झाले. त्यांच्याकडे 'डेटा नष्ट केला' असं शिक्क्यासकट प्रमाणपत्र होतं. फक्त त्यावर एकाही डिस्कचा सिरियल नंबर नव्हता. किती डिस्क दिल्या होत्या हे विचारलं, तर तेही कुणाला सांगता येईना.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. पुसायची साधनं चांगली आहेत, बरीचशी फुकट आहेत. चूक होते ती मोजण्यात. म्हणून खालचं सगळं वाचताना एक वही शेजारी ठेवा. खरीखुरी, दोनशे पानी. एक्सेलही चालेल, पण सर्व्हर रूममध्ये लॅपटॉप मांडीवर घेऊन सिरियल नंबर टिपणं म्हणजे काय ते एकदा करून बघा.

आधी बंद करा, मग महिनाभर थांबा

नवीन सर्व्हर आला, डेटा हलवला, की जुना लगेच विकायची घाई मालकांना असते. कोपऱ्यात पडलेलं लोखंड बघून त्यांना चैन पडत नाही. पण निदान एक महिनाअखेर मध्ये जाऊ द्या. सर्व्हर बंद करायचा, नेटवर्कची वायर काढायची, आणि कोण ओरडतंय ते बघायचं.

ओरडतात हो. रोलिंग मिलमध्ये आम्ही जुना सर्व्हर बंद केला आणि तीन आठवडे सगळं शांत. महिन्याच्या शेवटच्या दिवशी वजनकाट्यावरच्या काकांचा फोन. "अहो, काट्याची पावती निघते, पण महिन्याच्या हिशोबात चढत नाही. ट्रकांची रांग लागलीय." काट्याच्या कॉम्प्युटरमध्ये जुन्या सर्व्हरचा आयपी कुणीतरी कधीकाळी हातानं टाकून ठेवला होता. डिस्क पुसून झाल्या असत्या तर? असंच हजेरीच्या बायोमेट्रिक मशीनचं होतं, सीसीटीव्हीचं होतं, जुन्या स्कॅनरच्या फोल्डरचं होतं.

या महिन्यात करायची कामं अशी.

बॅकअप घेतलाय एवढं पुरत नाही. त्यातल्या चार फाइली आणि एक पूर्ण डेटाबेस दुसऱ्या मशीनवर परत उघडून बघा. तीन वर्षांपूर्वीची बॅलन्स शीट उघडते का? त्या वेळचं सॉफ्टवेअर आज चालतं का? कंपनी कायद्याच्या कलम १२८ नुसार हिशोबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवावी लागतात. जीएसटीचा हिशोब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणाच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने. कोर्टात किंवा अपिलात काही चालू असेल तर त्याहून जास्त. म्हणजे 'पुसा' असं सांगायचा अधिकार आयटीवाल्याचा नाही. अकाउंट्सवाल्यांची आणि मालकांची सही वहीत घ्या. मी तोंडी होकारावर एकदा काम केलं आणि नंतर सहा महिने लोकांची तोंडं बघत बसलो.

टॅलीचं लायसन्स त्या मशीनवर असेल तर टॅलीतूनच ते सरेंडर करा. मशीन गेल्यावर आठवलं तर फोनाफोनी करत बसावं लागतं. सर्व्हर डोमेन कंट्रोलर असेल, म्हणजे सगळ्यांचे लॉगिन तो सांभाळत असेल, तर नीट डिमोट करा, त्या कामातून मोकळा करा, नुसता बंद करून सोडू नका. नाहीतर त्याचं भूत नेटवर्कमध्ये वर्षानुवर्षं फिरतं.

आणि सर्व्हरच्या मागं हात घालून बघा. हसू नका. मागच्या यूएसबी पोर्टमध्ये डिझाइन सॉफ्टवेअरचा डोंगल आणि संचालकांच्या डिजिटल सहीचं टोकन लावलेलं मी स्वतः काढलंय. त्या टोकनवर पासवर्ड चिकटपट्टीनं लावला होता.

सर्व्हर लीजवर घेतलेला असेल तर हा लेख निम्मा तुमच्यासाठी नाही. तो तुमचा नाहीच, विकणार कसा? परत देण्याआधी डिस्कचं काय करायचं ते करारात बघा.

मोजणी

आता वही उघडा. वर सर्व्हरचा मेक, मॉडेल, सिरियल नंबर. खाली प्रत्येक डिस्कसाठी एक ओळ: कुठल्या खाचेतून निघाली, कंपनी, क्षमता, सिरियल नंबर, एचडीडी (फिरणारी) की एसएसडी (चिपवाली). उजवीकडं तीन रकाने रिकामे ठेवा: काय केलं, कधी केलं, कोणी केलं. प्रत्येक डिस्कच्या लेबलचा मोबाइलवर फोटो घ्या, कारण रात्री अकरा वाजता आठ आणि बी सारखेच दिसतात.

समोरच्या कॅडीतल्या, म्हणजे सरकत्या चौकटीतल्या डिस्क कुणीही मोजतं. सुटतात त्या या:

काही मॉडेलना मागच्या बाजूलाही दोन खाचा असतात, पॉवर सप्लायच्या वर. झाकण उघडलं की मदरबोर्डजवळ एम.२ कार्डं, म्हणजे चिंचोळ्या एसएसडी, सापडतात. व्हीएमवेअरवाल्या (एका मशीनवर अनेक सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर) जुन्या मशीनमध्ये जोडीनं एसडी कार्डं बसवलेली असतात, क्वचित आतल्या आत एक पेन ड्राइव्ह. हॉट स्पेअर म्हणून, म्हणजे दुसरी बिघडली तर तिची जागा घ्यायला लावलेली डिस्क रिकामी आहे असं लोक धरून चालतात. पण ती कधीतरी कामाला लागून परत मोकळी झालेली असू शकते, म्हणजे तिच्यावर जुना डेटा तसाच.

सगळ्यात वाईट म्हणजे टेबलाचा खण. रेडमधली एक डिस्क दोन वर्षांपूर्वी बिघडली, नवीन बसवली, जुनी खणात टाकली. खराब झालेली डिस्क म्हणजे मेलेली डिस्क नव्हे. कंट्रोलरनं तिला नापास केलंय एवढंच, बरेचदा तिच्यावरचं जवळपास सगळं वाचता येतं. आमच्या हॉस्पिटलच्या यादीत सर्व्हरमध्ये आठ डिस्क भरल्या आणि खणात, कपाटात, एका जुन्या टिफिनच्या पिशवीत मिळून आणखी पाच. त्यांच्याबरोबर बॅकअपच्या टेप कार्ट्रिज, जुना नॅस (नेटवर्कवर फाइली साठवायचा डबा), बाहेरून लावायच्या हार्ड डिस्क हेही त्याच यादीत घ्या. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्येसुद्धा बऱ्याचदा हार्ड डिस्क असते, पण तो विषय वेगळा.

वॉरंटीत डिस्क बदलताना इंजिनिअर जुनी घेऊन जातो, ती तुमच्या हातातून कायमची गेली. डेल, एचपीई यांच्याकडं खराब डिस्क स्वतःकडंच ठेवायची सोय जादा पैसे भरून मिळते. पुढच्या खरेदीच्या वेळी तेवढं कोटेशनमध्ये घालून घ्या.

पुसणं: डिलीट, फॉरमॅट आणि खरं पुसणं

सातबारा फाडला म्हणून जमीन नाहीशी होत नाही. डिलीट आणि क्विक फॉरमॅट हे सातबारा फाडण्यासारखं आहे. कुठली फाइल कुठं आहे याची नोंद जाते, फाइल जागेवरच असते. फुकटात मिळणारं फोटोरेक वापरून दहावीतलं पोरगं ती परत काढेल. रेडचा व्हर्च्युअल डिस्क डिलीट केला तरी तेच. नुसती मांडणी पुसली जाते.

अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेची ८००-८८ नावाची मार्गदर्शिका जगभर या कामात प्रमाण मानतात. तिच्यात तीन पायऱ्या आहेत. पहिलीत साध्या साधनांनी वाचता येणार नाही इतपत पुसायचं. दुसरीत प्रयोगशाळेलाही काढता येणार नाही असं. तिसरीत वस्तूच नष्ट करायची. कुठली पायरी, हे डेटा किती नाजूक आहे आणि डिस्क तुमच्या ताब्यातून बाहेर जाणार आहे का यावर ठरतं. विकायचं असेल तर ती जाणारच आहे.

फिरणारी हार्ड डिस्क असेल तर काम सोपं आहे, फक्त वेळखाऊ. संपूर्ण डिस्कवर एकदा शून्य लिहायचं. 'तीन वेळा लिहिलंच पाहिजे, सात वेळा लिहिलंच पाहिजे' हे जुन्या काळचं ऐकीव आहे. आजच्या डिस्कला सगळीकडं एकदा नीट लिहिलं आणि तपासलं की पुरतं. गिऱ्हाइकाच्या करारात तीन लिहिलं असेल तर तीन करा, वाद घालू नका. यासाठी एनवाइप हे फुकट साधन आहे. श्रेडओएस टाकलेल्या पेन ड्राइव्हवरून ते थेट चालतं आणि एकदम सगळ्या डिस्क पुसायला घेता येतात. डीबॅनचं नाव अजून लोक घेतात, पण त्याच्याकडं बरीच वर्षं कुणी बघितलेलं नाही. सोडून द्या.

इथं नवख्यांची एक ठेच ठरलेली. पेन ड्राइव्हवरून मशीन उठवलं तर आठ डिस्कऐवजी एकच मोठी डिस्क दिसते, किंवा काहीच दिसत नाही. मधे रेड कंट्रोलर बसलाय. त्याला एचबीए किंवा पासथ्रू मोडमध्ये, म्हणजे रेड न करता डिस्क आहे तशी पुढं दाखवण्याच्या मोडमध्ये टाका, म्हणजे प्रत्येक डिस्क स्वतंत्र दिसेल आणि तिचा सिरियल नंबर वहीशी ताडून बघता येईल. कंट्रोलर जुना असेल, तो मोड नसेल, तर डिस्क काढून साध्या एचबीए कार्डवर लावा. कंट्रोलरमागं लपलेल्या डिस्क पुसल्या असं कुणी सांगितलं तर मी विश्वास ठेवत नाही, कारण हॉट स्पेअर त्यात येतच नाही.

वेळेचं गणित आधी करा. ४ टीबीची डिस्क सेकंदाला सरासरी १५० एमबी लिहीत असेल तर एका फेरीला साडेसात तास. वाचून तपासायला तेवढेच. म्हणजे संध्याकाळी लावली तर दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ-दहाला निकाल. एप्रिल-मे मध्ये हे काम काढू नका. एसी बंद असलेल्या खोलीत ४२ डिग्रीला आठ डिस्क एकदम घासल्या तर पुसण्याआधीच दोन माना टाकतील. लाइटीचाही भरवसा धरू नका. शून्य लिहिताना वीज गेली तर पुन्हा पहिल्यापासून, एवढंच. पण एसएएस (सर्व्हरमधली डिस्क जोडायची एक पद्धत) डिस्कला तिची स्वतःची फॉरमॅट कमांड दिली असेल आणि मध्येच वीज गेली, तर ती 'फॉरमॅट करप्ट' म्हणत रुसून बसते आणि पुन्हा पूर्ण फॉरमॅट केल्याशिवाय बोलत नाही. यूपीएसवर लावा, आणि यूपीएसची बॅटरी शेवटची कधी बदलली ते विचारा.

एसएसडी हे वेगळं प्रकरण. तिच्यावर शून्य लिहिणं पुरेसं नाही. झीज सगळीकडं सारखी व्हावी म्हणून तिचा कंट्रोलर डेटा आतल्या आत हलवत असतो आणि सांगितलेल्या क्षमतेपेक्षा थोडी जास्त जागा स्वतःकडं राखून ठेवतो. त्या राखीव जागेत जुने तुकडे राहतात, तुमच्या शून्यांना तिथं प्रवेश नाही. म्हणून एसएसडीला तिच्याच भाषेत सांगायचं: साटा जोडणीची असेल तर लिनक्सच्या एचडीपार्म या साधनातून सिक्युअर इरेज, एनव्हीएमई जोडणीची असेल तर तिची सॅनिटाइझ किंवा फॉरमॅटची कमांड, एसएएस असेल तर सॅनिटाइझ. काही मिनिटांत होतं. साटावर 'फ्रोझन' असा शब्द दिसून कमांड नाकारली जाते. घाबरू नका. मशीन चालू असतानाच ती डिस्क कॅडीसकट बाहेर ओढा, दहा सेकंदांनी परत सरकवा, बहुतेक वेळा वितळते.

पहिल्या दिवसापासून बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय) किंवा तसलं काही लावलेलं असतं तर हे सगळं निम्म्यावर आलं असतं. किल्ली नष्ट केली की कुलूपबंद कचरा उरतो. नवीन सर्व्हरवर आजच लावून टाका, पुढचा विकणारा दुवा देईल.

पुसून झालं की तपासणी. ज्यानं पुसलं त्यानं तपासायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. दुसरा माणूस डिस्कच्या सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा भाग हेक्स स्वरूपात, म्हणजे कच्च्या आकड्यांत उघडतो. तिथं ओळीमागून ओळी नुसती शून्यं दिसली पाहिजेत. मग फोटोरेक चालवायचं. काही सापडलं नाही तर वहीच्या ओळीत दोघांच्या सह्या. एनवाइप पीडीएफ अहवालही देतं, तो सिरियल नंबरच्या नावानं साठवून ठेवा.

ज्या पुसल्या जात नाहीत त्या

खराब डिस्क, कमांड न ऐकणारी एसएसडी, एसडी कार्डं, जुन्या टेप. यांना विकायचा मोह धरू नका, फोडा. माझा सल्ला तर असा आहे की पतसंस्था आणि हॉस्पिटलवाल्यांनी चांगल्या डिस्कसुद्धा विकू नयेत. सभासदांचं केवायसी आणि रुग्णांचे रिपोर्ट ज्या डिस्कवर पाच वर्षं होते तिचे येऊन येऊन येणार किती? त्या पैशात मंडळाच्या एका बैठकीचा चहा-नाश्ता होईल.

फोडायची सोय आपल्याकडं दारातच आहे. वाळूजमध्ये, चिकलठाण्यात प्रत्येक तिसऱ्या शेडमध्ये ड्रिल मशीन नाहीतर पॉवर प्रेस सापडतं. ३.५ इंची डिस्कच्या तबकड्या सहसा ॲल्युमिनियमच्या. तबकडीतून आरपार तीन-चार भोकं पाडा, कडेला पाडून उपयोग नाही. २.५ इंची डिस्कमध्ये बऱ्याचदा काच असते, प्रेसखाली ती फुटून उडते. गॉगल आणि हातमोजे घातल्याशिवाय पोरांना हात लावू देऊ नका. एसएसडीत तबकडी नसतेच. आत काळ्या चौकोनी चिप असतात, त्यातली प्रत्येक चिप तुटली पाहिजे. मधोमध एक भोक पाडून 'झालं साहेब' म्हणणाऱ्याला डिस्क उघडून दाखवा. मोठं चुंबक, म्हणजे डीगॉसर, टेपला आणि फिरणाऱ्या डिस्कला चालतं. एसएसडीवर त्याचा काडीचा परिणाम होत नाही.

जाळू मात्र नका. धूर विषारी असतो. उरलेला चुरा ई-कचऱ्याच्या नोंदणीकृत रिसायकलरलाच द्यायचा.

डिस्कबाहेरची आठवण

सर्व्हरला डिस्कशिवायही आठवण असते. डेलचं आयड्रॅक आणि एचपीईचं आयलो, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायची यंत्रणा, यांच्यात आयपी, युजर, कधी डोमेनचा पासवर्ड, अलर्टसाठी दिलेल्या ईमेलचा पासवर्ड साठलेला असतो. दोन्ही फॅक्टरी डिफॉल्टवर न्या. डेलच्या नव्या पिढ्यांत लाइफसायकल कंट्रोलरमध्ये सिस्टिम रिटायर करायचा पर्याय आहे, एचपीईच्या जेन१० पासून एका बटणात पुसायची सोय आहे. सोयीचं आहे, पण त्यातून सगळ्याच जातीच्या डिस्क पुसल्या जातात असं नाही, तेव्हा डिस्कचं काम वेगळं करायचंच. टीपीएम, म्हणजे किल्ल्या साठवणारी चिप, क्लिअर करा, बायोसचा पासवर्ड काढा. काढला नाही तर घेणारा तुम्हाला रात्री फोन करून करून काढायला लावेल.

बरोबर स्विच, फायरवॉल विकत असाल तर त्यांची कॉन्फिगरेशन पुसा. व्हीपीएनच्या किल्ल्या तिथंच असतात.

मग ओलं फडकं घ्या. सर्व्हरच्या कपाळावरचं नाव, आयपीचं स्टिकर, मालमत्ता क्रमांक, झाकणाच्या आत पेन्सिलीनं लिहिलेला रूटचा पासवर्ड, सगळं खरवडा. कंपनीचं नाव असलेला डबा डिस्कविना गेला तरी घेणाऱ्याला कळतं की हे कुठून आलंय आणि आणखी कुठं विचारायचं.

कोणाला विकायचं

गेटवर येणारा भंगारवाला भाऊ म्हणेल, "साहेब, डबा वजनावर घेतो, डिस्कचे वेगळे देतो." डिस्कचे वेगळे का देतो, हा प्रश्न स्वतःला विचारा. तो बिचारा चोर नसतो, पण त्याच्याकडून तो माल पुढं कुठं जातो हे त्यालाही ठाऊक नसतं.

वजनावर विकणं तसंही तोट्याचं. दोन यू उंचीचा सर्व्हर २५ किलोच्या आसपास भरतो, लोखंडाच्या भावानं हाती काय लागणार? किंमत आत असते: प्रोसेसर, ईसीसी रॅम, पॉवर सप्लाय, रेड कार्ड, नेटवर्क कार्ड. डीडीआर४ रॅम भरलेला सर्व्हर आणि त्याआधीच्या पिढीतल्या डीडीआर३ चा सर्व्हर यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. म्हणून कोटेशन मागवताना रॅमच्या किती पट्ट्या, किती जीबीच्या, प्रोसेसरचं मॉडेल, एवढं लिहूनच पाठवा. आणि लक्षात ठेवा, डिस्क दिल्या नाहीत तरी कॅडी द्या. रिकाम्या कॅडी आणि रेल (सर्व्हर रॅकमध्ये बसवायच्या पट्ट्या) नसतील तर व्यापारी भाव पाडतो, आणि बरोबरच करतो, त्याला त्या वेगळ्या विकत आणाव्या लागतात. आपण डिस्क फोडायच्या उत्साहात कॅडीसकट प्रेसखाली घातल्या, तर नुकसान आपलंच. मी घातल्यात.

तीन ठिकाणांहून तरी भाव घ्या. शहरातला एखादा, पुण्या-मुंबईचा एखादा जुन्या सर्व्हरचा व्यापारी, आणि एक नोंदणीकृत रिफर्बिशर, म्हणजे जुनं दुरुस्त करून पुन्हा विकणारा. समृद्धी महामार्गामुळं मुंबईच्या माणसाला आता इथवर गाडी पाठवायला कुरकूर करायचं कारण उरलेलं नाही.

कायद्याचं थोडक्यात. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षात कधीही १,००० किंवा त्याहून जास्त विद्युत-इलेक्ट्रॉनिक नग वापरणाऱ्याला त्यात मोठा ग्राहक धरलंय, आणि त्यानं ई-कचरा नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरलाच द्यायचा असतो. तुमच्याकडं तेवढे नग नसले तरी तीच वाट धरा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी आहे का ते स्वतः बघा, व्हिजिटिंग कार्डावरच्या हिरव्या पानाच्या चित्रावर जाऊ नका. चालता सर्व्हर वापरासाठी विकणं वेगळं आणि बंद पडलेला ई-कचरा म्हणून देणं वेगळं. बिलावर काय ते स्पष्ट लिहा.

दुसरा कायदा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षणाचा, २०२३ चा. माहिती जपण्यासाठी वाजवी खबरदारी घेतली नाही तर त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या कारखान्याला हा आकडा गोष्टीतला वाटतो, पण मालकांची सही लवकर मिळवायला उपयोगी पडतो.

हिशोबाचं सीएंना विचारा, मी फक्त प्रश्न सांगतो. कंपनी कायद्याच्या परिशिष्ट दोननुसार सर्व्हरचं आयुष्य ६ वर्षं धरतात, तेव्हा पुस्तकात त्याची किंमत उरली आहे का? खरेदीच्या वेळी जीएसटीचं क्रेडिट घेतलं होतं का? घेतलं असेल तर विक्री किमतीवरचा कर, की दर तिमाहीला ५ टक्के वजा जाता उरलेलं क्रेडिट, यातलं जे जास्त ते भरावं लागतं. पाच वर्षं उलटली असतील तर दुसरा आकडा शून्यावर येतो. ५० हजारांच्या वरचा माल राज्याबाहेर जात असेल तर ई-वे बिल लागेल. विंडोज सर्व्हरचं ओईएम, म्हणजे मशीनबरोबर आलेलं लायसन्स त्याच मशीनला बांधलेलं असतं, व्हॉल्यूम लायसन्स तुमच्या कंपनीचं असतं. घेणाऱ्याला 'विंडोजसकट' असं तोंडून जाऊ देऊ नका.

बिलावर 'आहे त्या स्थितीत, डिस्कविना, हमी नाही' असं छापा. पैसे खात्यात आल्यावर गेट पास. डिस्क फोडायला बाहेर दिल्या असतील तर प्रमाणपत्रावर प्रत्येक सिरियल नंबर हवा, आणि जमलं तर तुमचा माणूस समोर उभा हवा. नुसतं 'डिस्क, नग १३' लिहिलेलं प्रमाणपत्र परत पाठवा.

गाडी दारात आली की

सर्व्हर आडवा, फोमवर, मूळ खोक्यात. खोकं नसेल तर दोन पातळ्यांत कार्डबोर्ड. एका माणसानं उचलायला जाऊ नये, कंबर धरते. जाताना कॅडीच्या सगळ्या खाचा गाडीवाल्यासमोर उघडून दाखवा आणि फोटो काढा: आठ खाचा, आठ रिकाम्या कॅडी.

हॉस्पिटलचा सर्व्हर गेला त्या दिवशी गेटवर वही उघडली. यादीत तेरा ओळी, बारांपुढं सह्या. एक ओळ कोरी. गाडी चालू होती, ड्रायव्हर घाई करत होता, अकाउंट्सच्या ताई वरून विचारत होत्या, "अहो दादा, गेली का गाडी? पैसे तर आलेत." गाडी थांबवली. पाऊण तास शोधल्यावर ती डिस्क त्या टिफिनच्या पिशवीतच निघाली, पिशवी स्टोअरच्या दाराला लटकत होती. खाली आणली, ओळीत सिरियल नंबर ताडला, बाजूच्या शेडमध्ये प्रेसखाली ठेवली, तेराव्या ओळीत दोघांनी सह्या केल्या. मग वॉचमन काकांना हात केला आणि त्यांनी फाटक उघडलं.